पोकलेनचा हात वर गेला की इंजिन झोपायचं

सोमवारी मंगळवेढ्याजवळ बहिणीच्या रानात गेले होते... नातू नितीन कामाला निघाला होता, मी त्याच्या गाडीत चढून बसले. (मी सांगतेय, नात ऋतुजा टाइप करतेय. मला लिहिता येत नाही आणि तिला न हसता ऐकता येत नाही.)

नितीनचं काम म्हणजे जुन्या पोकलेन मशीनच्या वायरी आणि सेन्सर तपासायचे. लोक त्याला मेस्त्री म्हणतात, मी वैद्य म्हणते... नाडी बघत बसतो, औषध काही लवकर देत नाही.

माझी धाकटी बहीण शेवंता. तिचा मुलगा बबन, त्यानं हल्लीच एक सेकंडहँड पोकलेन घेतलं. शेततळी खणायची कामं मिळायला लागली आणि मशीननं नखरे सुरू केले. हात वर उचलला की इंजिन एकदम मंदावायचं... हात खाली आला की पुन्हा ठीक.

बबनच्या मनानं घेतलं, हा ऑपरेटरचा चावटपणा. ऑपरेटर मल्लाप्पा, अक्कलकोटच्या पलीकडचा कानडी माणूस. मराठी तो जपून वापरतो, सणाच्या कपड्यासारखी... बबन तापला की हा खाली मान घालायचा. आणि गप्प बसणारा माणूस आपल्याकडं लगेच गुन्हेगार ठरतो.

आम्ही पोचलो तेव्हा त्याची पिशवी भरून बांधावर ठेवलेली. बबननं सांगूनच टाकलं होतं, नितीननं मशीनमध्ये खोट नाही म्हटलं की संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचं.

नितीननं आधी कॅबिनमधला स्क्रीन बघितला. बिघाडाचा कोड येत होता तो इंजिनची रेस कमीजास्त करायच्या गोल बटणाचा. आधीच्या मेस्त्रीनं ते बटण बदललंही होतं, तरी कोड तोच. बबनला तेवढंच निमित्त... त्या बटणाला हात याचाच लागतो की, म्हणे.

नितीननं बटणाच्या वायरीला मीटर लावलं आणि मल्लाप्पाला मशीनचा हात वर घ्यायला सांगितलं. तिथं पाच व्होल्ट यायला पाहिजेत म्हणे... हात वर गेला तसा आकडा घसरत पार तळाला गेला.

मला काही कळेना. मग त्यानं समजावलं, आजी, एकाच टाकीवर चार घरांचे नळ आहेत असं धर. एका घराची पाइप फुटली तर पाणी चौघांचं जातं, पण बोंब मारतो तो ज्याला आधी तहान लागते. हे बटण नुसतं बोंब मारतंय, पाइप दुसरीकडं फुटलीय. म्हटलं, म्हणजे आपल्या गल्लीसारखंच.

मल्लाप्पा हात वर धरून बसला आणि नितीन त्या लाइनवरचे सेन्सर त्यांच्या वायरीसकट एकेक करून काढायला लागला. एक काढला, फरक नाही. दुसरा काढला, तरी नाही. मग हाताच्या बुडाशी असलेला काढला... आणि मीटर गपकन पाचवर, इंजिन एकदम जोरात.

सेन्सर तपासला तर चांगला होता, वायरीतच काहीतरी होतं. मशीन ज्यावर चालतं त्या चेनवर नितीन चढला आणि वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवत गेला. एका ठिकाणी थांबला.

स्लॅबच्या सळ्या बांधायची बारीक तार तिथं जुडग्याभोवती करकचून पिळलेली. हात वर गेला की जुडगा ताणला जायचा आणि तार रुतायची. रुतून रुतून रबर कापलं होतं, आतल्या दोन वायरींच्या तांब्याला एकदम टेकत होती... तीच फुटलेली पाइप. आणि त्या तारेला लोंबत होतं सुकलेलं लिंबू, खाली मिरच्यांची देठं...

आता जुनं मशीन घेतलं म्हटल्यावर लिंबू-मिरची आलीच. पण ती कुठं बांधायची, हे कुणी सांगत नाही.

बबन लगेच मल्लाप्पावर उखडला, की हे उद्योग तुझेच. मल्लाप्पानं लिंबाकडं बघितलं, एकदा शेवंताकडं बघितलं, आणि खाली मान घातली. तेव्हा मला कळलं, याला माहीत आहे... आणि हा सांगणार नाही.

शेवंता पुढं आली.

"त्याला नगं बोलू. म्या बांधलंय. दर शनवारी बांधती."

मग हळूहळू बोलली. दुसऱ्यानं वापरलेलं मशीन, कुणाची कसली नजर असेल... आणि आत दिवसभर बसतो तो मल्लाप्पा, बायकापोरं लांब. त्याला काही होऊ नये म्हणून ही बाई, गुडघे कुरकुरत असताना, चेनवर चढत होती. एवढं सांगताना तिनं तोंडावरचा पदर काही काढला नाही.

बबन बांधावर गेला, मल्लाप्पाची पिशवी उचलली आणि कॅबिनमध्ये सीटमागं नेऊन ठेवली. आमच्या घरातल्या पुरुषांना माफी मागता येत नाही, पिशवी उचलता येते... चालायचंच.

नितीननं तार काढली, वायर जोडून वर नळी चढवली. मल्लाप्पानं हात पार आभाळाला लावला, इंजिन जराही दबलं नाही. मग खाली उतरून तो शेवंतासमोर आला. त्यांच्यात आईला अव्वा म्हणतात.

"अव्वा, तुमी चढू नका. शनवारी लिंबू मला द्या. मी बांधतो... लोखंडाला."

शेवंता लहानपणी मडकं फोडायची आणि मार मला बसायचा. आयुष्यभर तिनं एक चूक कधी आपल्या अंगावर घेतली नाही. परवा घेतली, तीही मुलासमोर, परक्या माणसासाठी... मला फार बरं वाटलं. तिला वाचता येत नाही म्हणून इथं सांगितलं. कुणी वाचून दाखवू नका, फुगेल.