डॉ. पोतनीसांनी मोजलेल्या पेशी

पनवेलच्या बाजारातल्या लॅबमध्ये आशालताबाई सोळा वर्षं टेक्निशियन होत्या. त्यांचे यजमान कमलाकर १९८९ साली गेले. त्याआधी त्यांची कंबर धरायची, तेव्हा लॅबसमोरच्या डॉ. पोतनीसांनी लघवीत पट्टी बुडवली, "प्रथिनं नाहीत, वय झालं" म्हणाले, आणि अकरा महिने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर मुंबईत अस्थिमज्जा तपासली. लाइट चेन मायलोमा निघाला, मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या आजारातलं प्रथिन लघवीतून वाहतं, पण पट्टीला ते सहसा सापडत नाही.

बाई रडल्या नाहीत. वाट पाहत राहिल्या.

तीन वर्षांनी बेलपाड्याची ठमाबाई पोतनीसांची चिठ्ठी घेऊन आली. "हाडां ठणकतान गो बाय. डाक्टर बोलतो, वय झालाय."

पट्टी कोरी आली. बाईंनी नळीत ॲसिडचे थेंब टाकून लघवी तापवली. साठ अंशांवर ती दुधाळ झाली, उकळल्यावर निवळली, गार होताना पुन्हा गढुळली. पट्टीला न सापडणारं तेच प्रथिन. बाईंनी तसा रिपोर्ट पाठवला. दहा मिनिटांत डॉक्टर तरातरा आले.

"हे उद्योग कुणी सांगितले? पट्टीवर निल आहे!"

"पट्टीला अल्ब्युमिनपुरतंच कळतं, डॉक्टर. तुमच्यासारखंच."

बाकावरचे पेशंट हसले. बाईंनी सगळ्यांदेखत नळी पुन्हा तापवून दाखवली. डॉक्टरांनी ठमाबाईला मुंबईची चिठ्ठी लिहून दिली.

"आता इथे बसा." बाईंनी मायक्रोस्कोपखाली काचपट्टी सरकवली. "आमच्या ह्यांची मज्जा. मुंबईहून मागून आणलीय. शंभर पेशी मोजा. मोठ्याने."

लोक पाहत होते. डॉक्टर बसले. गर्द निळ्या पेशी, केंद्रक एका कडेला ढकललेलं, शेजारी फिकट डाग. काहींत दोन-दोन केंद्रकं. प्लाझ्मा पेशी. निरोगी माणसात शंभरात दोन-तीन. ते अडखळले की बाई म्हणायच्या, "पुढे."

"शंभरात बासष्ट," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "चुकलं माझं, आशालताबाई. आता हे इथेच मिटलं ना?"

"असं मी कधी म्हटलं? ह्यांचे नि ठमाबाईचे कागद जोडून मेडिकल कौन्सिलला तक्रार गेलीसुद्धा. तुम्ही रस्ता ओलांडत होता, तेव्हाच टपालात टाकायला दिली."

आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.