नानांचा वाकडा मनोरा

नाना बोलायच्या आधी मोबाईल पुढे करायचे. "हाई देख." त्यात इटलीतल्या पिसा गावाचा वाकडा मनोरा, आणि दोन्ही हात पुढे करून त्याला जणू पडता पडता धरणारे नाना.

एरंडोलला आम्ही ज्या खोल्यांत राहायचो, त्यांचे ते मालक. मुलाने त्यांना परदेश फिरवून आणलं, तेव्हापासून लग्न असो की दहावं, मोबाईल पुढे. एकदा पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उन्हात उभे, आणि नाना मयताच्या मुलाला मनोरा दाखवताहेत. मला किळस आली. खोटं कशाला सांगू, मनोरा देखणा होता. पांढरा, कमानींवर कमानी. तो दाखवताना नानांचं तोंड जत्रेतल्या पोरासारखं व्हायचं.

आमच्या खोल्यांमागची भिंत पोट काढून झुकली होती. तिच्या बुडाशीच शेजारच्या अक्कांची चूल. अक्का एकट्या. भाकऱ्या करून विकायच्या.

"नाना, भित वाकी गई शे," त्या म्हणाल्या. "एखादा दिन मन्हा आंगवर पडी."

नाना हसले. मोबाईल निघाला. "अक्का, हाऊ शेकडो वरीसपासून वाकडा शे. पडना का?"

त्यांची सून सोबत होती. तीही त्या सहलीला गेलेली. ती हळूच म्हणाली, "नाना, तिथे सांगितलं ना, तो पडायलाच आला होता. पायाखालची माती काढून लोकांनी सावरलाय."

"तू गाडीमा बैस," नाना म्हणाले.

पुढे प्रत्येक वेळी तेच. अक्का भिंत म्हणायच्या, नाना मनोरा म्हणायचे. गल्ली हसायची. तुम्हीही हसला असता.

भिंत पडली ती सकाळी, अक्का भाकरी थापत असताना. आम्ही विटा उपसल्या. अक्का जिवंत होत्या, पण उजव्या हाताचा चेंदा झाला होता. डॉक्टरांनी तो कोपरापासून काढला.

नाना दवाखान्यात आले नाहीत. गल्लीतही पुन्हा कधी दिसले नाहीत. ड्रायव्हरच्या हाती दवाखान्यात केळ्यांची एक फणी तेवढी पाठवली. पिवळीधमक, एक डाग नाही. अक्कांनी ती दूर सारली.

अक्कांनी अन्न टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शिळा तुकडासुद्धा त्या गाईच्या तोंडी घालायच्या. म्हणून मी विचारलं, "अक्का, गाईले दी देऊ?"

अक्कांनी खाटेवरच दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गायनं काय चुकनं? उकिरडावर फेक."