तिसरा हत्ती

आमच्या ग्रुपवर वजिराला कोणी वजीर म्हणत नसे. ‘घरची’ म्हणायचे. हे नाव दिलं ते आमच्यातल्या धानवाल्या भावानं. बुद्धिबळ शिकायला लागल्यावर त्याचं पहिलं निरीक्षण हेच होतं, “राजा कोपऱ्यात लपून बसते अन् सारं काम घरचीच करते. आमच्या इथी बी असंच हाये.” सगळे हसले आणि नाव चिकटलं. पुढे एका संध्याकाळी याच शब्दापायी त्याच्या खऱ्या घरच्या बाईच्या जीवावर बेतलं. आम्ही मात्र तेव्हा तिच्या नवऱ्याला डाव कसा वाचवावा याचे सल्ले देत बसलो होतो.

मी एटापल्लीला शाळेत गणित शिकवते. शाळेच्या आवारातच एका खोलीत एकटी राहते. राग माझ्या नाकावर असतो, हे विद्यार्थी सांगतील आणि ते खरं आहे. ग्रुप माझाच. त्यात नेमानं बोलणारे आम्ही चौघं. मी, मोहर्लीला सफारीवर जाणारा एक गाईड, सिरोंच्याचा एक मासेवाला आणि आरमोरीकडचा हा धानवाला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दिवसाकाठी एखाददुसरा डाव ॲपवर खेळायचा, हरलेला डाव ग्रुपवर टाकायचा आणि मग बाकीच्यांनी त्याची सालं काढायची, असा आमचा अभ्यास चाले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मी म्हणायची, सुरुवातीच्या चाली पाठ करू नका, शेवटचा खेळ शिका, दोन राजे आणि एक प्यादं एवढंच घेऊन बसा. गाईड म्हणायचा, “म्याडम, ज्याले घाई असते त्याले वाघ दिसत नाई. तसंच हे. पहिली चाल सुचली की हात मांडीखाली दाबून बसा.” मासेवाला निम्मं तेलुगूत बोलायचा. वजिराला तो मंत्री म्हणे, आणि कोणी हरलं की “पोनी भाऊ, पोनी,” म्हणजे जाऊ दे. धानवाला सगळ्यात कच्चा आणि सगळ्यात बोलका. त्याचा घोडा मेला की तो लिहायचा, “माहा घोडा मेला. आता तेरवीले या.” पटावरची प्रत्येक गोष्ट तो शेतातली असल्यासारखी सांगायचा, त्यामुळे त्याचा खरा निरोप कोणता आणि थट्टा कोणती हे ओळखायच्या भानगडीत आम्ही पडतच नव्हतो.

त्याच्या बायकोशी माझं एकदाच बोलणं झालं होतं, उन्हाळ्यात. नवऱ्याचा हा गुरू म्हणजे एक बाई आहे हे तिला कुठून तरी कळलं आणि तिनं माझा नंबर मिळवला. “तुमीच का त्या हत्तीघोड्यावाल्या बाई? माहा नवरा जेवताना बी तुमच्याशीच बोलून राह्यते,” ती म्हणाली. नीट समजावून सांगता आलं असतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या नवऱ्याला खेळता येत नाही म्हणून शिकवते, दुसरं काही नाही, पुन्हा फोन करू नका, असं सांगून मी फोन ठेवला. तिचा नंबर मी ‘उचलू नये’ या नावानं जतन केला. तिनं माझा कुठल्या नावानं केला ते देव जाणे.

धान कापून झालं की त्यांच्याकडे शेतातच पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, रचून ठेवतात, मळणी होईपर्यंत. त्यांची राखण करायला हा भाऊ दिवस कलायच्या आत मचाणीवर चढायचा. खाली शेतात फोनला रेंज मिळत नसे, वर चढलं की एक कांडी दिसायची, म्हणून त्याचा खेळाचा वेळ तोच. अंधार पडायच्या आत बायको डबा घेऊन यायची. हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं, कारण ‘घरची आली, डाव थांबवतो’ हे त्याचं रोजचं वाक्य. ‘घरची’ म्हणजे कधी बायको, कधी वजीर.

त्या दिवशी माझा आणि धानवाल्याचा डाव चालू होता. ग्रुपच्या स्पर्धेतला शेवटचा. चाल त्याची होती. मी शाळेतून येऊन पडवीत बसले होते आणि चहा निवत होता. त्याचं घड्याळ पळत होतं आणि चाल काही येईना. तेवढ्यात ग्रुपवर त्याचा मजकूर आला.

“तीन हत्ती आले. घरची येऊन राह्यली. तिले थांबवा.”

मला पहिल्यांदा संताप आला. चालू डावात सल्ला मागायचा नाही, हा मी घालून दिलेला एकमेव नियम. आणि हा पठ्ठ्या माझ्याच विरुद्ध खेळताना उघड मदत मागतो. मी काही लिहायच्या आत गाईडनं लिहिलं, “घरचीले हत्तीच्या तोंडात काऊन देतं भाऊ? मागं घे तिले.” मासेवाला म्हणाला, “मंत्री वाचवा, बाकी पोनी.” मग गाईडलाच शंका आली. “पन तीन हत्ती कसे? प्यादं शेवटच्या घरात नेऊन कोनी हत्ती मागतला का?” त्यावर मासेवाल्यानं हसरे चेहरे टाकले. मंत्री मिळत असताना हत्ती कोण मागतं?

खरंच, कोण मागतं? मी पटाकडे पाहिलं. माझा एक हत्ती, त्याचा एक. दोनच. आणि वजीर तर आम्ही दोघांनी सुरुवातीलाच मारामारी करून पटाबाहेर काढले होते. त्या डावात घरची नव्हतीच.

आदल्या वर्षी खरे हत्ती त्या बाजूला येऊन गेले होते. यंदा ते दूर नदीपलीकडे आहेत असं सगळे म्हणत, म्हणून लोक निर्धास्त होते. गाईडनं “थांबा, त्याले फोनच लावतो” असं लिहिलं आणि मी अक्षरशः फोनवर ओरडले, जणू त्याला ऐकू जाणार होतं. मग टाइप केलं, “फोन करू नका. वाजला तर संपलं. खरे हत्ती आहेत.” मग गाईडनं लिहिलं, “वनखात्यातले वळखीचे हायेत तिकडे. त्याईले लावतो.” आणि धानवाल्याचा आणखी एक मजकूर आला. “मचानीखाली हायेत. बोलता येत नाई. घरचीचा फोन साधा हाये, ते मेसेज वाचत नाई.”

तिचा नंबर ग्रुपमध्ये फक्त माझ्याकडे होता.

पहिल्यांदा लावला, तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तिनं उचलला आणि माझ्याआधी तीच बोलली, “लाज नाई का वाटत? संध्याकाळच्या वेळी फोन करून राह्यल्या?” तिच्या बांगड्या वाजत होत्या, डब्याची कडी खुळखुळत होती. चालत होती ती.

“थांबा. पुढे जाऊ नका. शेतात हत्ती आलेत.”

“मालूम हाये मले तुमचे हत्ती. हत्ती, घोडे, उंट, सारे पाठ झाले आयकून आयकून.”

“अहो, खेळातले नाहीत, खरे. तुमचा नवरा मचाणीवर अडकलाय.”

“तुमाले कसं मालूम? तुमी हायेत का तिथी?”

“त्यानं मेसेज केला.”

ती क्षणभर थबकली असावी. “तुमाले केला? मले नाई, तुमाले?” आणि बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या, आधीपेक्षा जोरात.

माझ्या तोंडून निघालेला ‘हत्ती’ तिच्यासाठी हत्ती होऊच शकत नव्हता. जगातल्या दुसऱ्या कोणीही सांगितलं असतं तर तिनं डबा टाकून गावाकडे धूम ठोकली असती. मी गयावया केली, शपथ घातली. ती म्हणाली, “नाल्यात उतरून राह्यली. आता फोन लागनार नाई. त्यालेच इचारते काय ते.” नाल्यापलीकडे फोन मरतो हे धानवाल्यानं दहादा सांगितलेलं होतं. नाल्यापलीकडे त्याचं शेत.

तेव्हा मला तिला थांबवायचा एकच मार्ग दिसला. तिला माझं खरं पटत नव्हतं. खोटं मात्र उन्हाळ्यापासून पटलेलं होतं.

“थांब,” मी म्हटलं. अहोजाहो सोडलं. “तू म्हणत होतीस ते खरं आहे.”

बांगड्या थांबल्या.

“काय खरं हाये?”

“तुझा नवरा आणि मी. तुला जे वाटतं ते.”

नुसता वारा ऐकू येत होता. ती पुढे गेली नाही. मी बोलत राहिले, कारण मी थांबले की ती चालणार. तो रोज माझ्याशी बोलतो, म्हटलं. खेळ नुसतं निमित्त आहे. आयुष्यभर जपलेलं माझं नाव मी स्वतःच्या तोंडानं मातीत घालत होते, आणि तेही शाळेच्या आवारात, जिथे भिंतींना कान असतात. तिनं शिव्या द्याव्यात, भांडावं, असं मला वाटत होतं. भांडणारी बाई उभी राहते. पण ती भांडली नाही.

“माह्याबद्दल काय बोलते तो?” तिनं विचारलं.

याची मी तयारी केली नव्हती. काहीतरी सांगायलाच हवं होतं आणि डोक्यात काही येईना.

“भाजीत मीठ जास्त घालतेस म्हणतो.”

“मीठ?”

“हो. रोज तसंच गिळतो म्हणतो.”

डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. बहुतेक ती तिथेच बसली, नाल्याच्या काठावर. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मनातून मी म्हणत होते, बस बाई, बसूनच राहा. मग फोनमधून काडकन काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मोठं काहीतरी. त्यामागून तो दुसरा आवाज, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता तरी लगेच ओळखला.

“बाई,” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, “हे काय होय?”

“तेच. मागे फिर. पळू नकोस, बोलू नकोस. फोन बंद कर आणि गावाकडे जा.”

फोन बंद झाला. त्यानंतर मी पडवीत उभीच होते. गाईड मधूनमधून लिहीत होता, वनखात्याची माणसं निघाली, गावाजवळ पोचली. मासेवाला एरवी पोनी पोनी करणारा, त्यानं देवाचं नाव लिहिलं आणि दुसरं काही लिहिलं नाही. डाव केव्हाच संपला होता. धानवाल्याचं घड्याळ संपलं म्हणून ॲपनं मला विजयी ठरवलं आणि पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडवले. मी फोन पालथा ठेवला.

चांगला अंधार पडल्यावर त्याचा निरोप आला. हत्ती पांगवले होते. दोन पुंजणे गेले, मचाणीचा एक पाय मोडला, तो स्वतः धड होता. शेवटी लिहिलं होतं, “घरची वाचली.” त्यावर ग्रुपवर कोणीही थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून निघाला. का ते कोणाला लिहिलं नाही, पण मला विचारायची गरज नव्हती. त्याला घरी काय काय ऐकावं लागलं असेल, त्यानं काय शपथा घेतल्या असतील, हे मला इथे बसून दिसत होतं. गाईड म्हणाला, “म्याडम, त्याले परत बोलवा. खेळ सुधारून राह्यला होता.” मी त्याच्यावर विनाकारण डाफरले. ‘घरची’ हा शब्द मात्र त्या दिवसापासून आपोआपच बंद झाला.

मळणी उरकली असेल त्या सुमारास ‘उचलू नये’चा फोन आला. मी उचलला.

“बाई, मले समजते,” ती म्हणाली, “तुमी ते सारं खोटं बोलल्या. मले उभं ठेवासाठी बोलल्या. त्यानं बी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं. जीव तुमच्यामुळं वाचला माहा.”

मी म्हटलं, असं काही नाही, कोणीही केलं असतं. उन्हाळ्यात उद्धटपणे बोलले त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, “ते जाऊ द्या.” पण फोन ठेवेना. बोलता बोलता ती भांडी आवरत होती.

“खोटं होतं हे समजते,” ती पुन्हा म्हणाली, “पन आता तो जेवाले बसला का मी त्याच्या तोंडाकडे पाह्यत राह्यते.”

मला फार वाईट वाटलं. एवढा जीव वाचवून मी या बाईच्या ताटात माती कालवली होती. तिला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, “अहो, मिठाचं मी मनानंच रचलं. उलट तो तर नेहमी म्हणायचा, तुमच्या हाताला फार चव आहे.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“हे कवा म्हनलं त्यानं तुमाले?” तिनं विचारलं.