बसून बघणारा सुतार

आखातात वादी अदाईच्या एका वर्कशॉपमध्ये मी पिकअप घेऊन माल उचलायला जायचो. तिथला सुतार रत्नागिरीकडचा. केलेली वस्तू स्वतः वापरून बघितल्याशिवाय द्यायचा नाही. पलंग केला की त्यावर दोन मिनिटं पडायचा, उठायचा आणि हळूच म्हणायचा, "खलास, ने आता." त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

शूरा परिषदेच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुकीआधी अपंग मतदारांना मत द्यायला सहा टेबलांची सरकारी ऑर्डर आली. खर्च सरकारचा, नकाशा अर्बाबने, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाने दिलेला. टेबलं पास झाली, रंगही वाळला. माल बांधायला मी दोरी काढली, तर हा कुणाची तरी व्हीलचेअर मागून घेऊन आला. तिच्यात बसून टेबलाखाली सरकला. गुडघे पुढच्या आडव्या फळीला थडकले.

उठला, करवत घेतली आणि फळी कापायला लागला.

मी ओरडलो, "मेस्त्री, वेड लागलं काय तुला? अर्बाब हाकलून देईल!"

"गुडघे अडले की हात पोचत नाही. मग सोबतचा माणूस मत देतो."

"देऊ दे की. घरचाच असतो ना?"

"गावाला आईला पाठुंगळी घेऊन मतदानाला मीच गेलेलो. तिनं सांगितलं एक, मी बटण दाबलं दुसरंच." तो पुढच्या टेबलाकडे वळला. "मरेपर्यंत तिला कळलं नाही."

मी एकेक टेबल धरून ठेवलं. सहावी फळी खाली पडली. त्यानं भुसा फुंकला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "खलास, ने आता."