रक्त सुधारलं त्या वर्षी

टाकेवाल्या काकूंच्या शिलाईला गल्लीत तोड नव्हती. त्यांनी शिवलेल्या गणवेशातून मूल वाढून बाहेर पडे, पण शिवण उसवत नसे. मशीन पायाने चालवायच्या. मोटर बसवून घ्या म्हणून जावई मागे लागले, तर काकू म्हणाल्या, मोटर नुसती धावते, पाय सांगितलेलं ऐकतो.

त्यांची एकुलती एक मुलगी मोठ्या इस्पितळात संशोधनाच्या कामावर होती. वयस्कर माणसांचं उतरलेलं रक्त फॉलिक ॲसिडच्या गोळीने किती भरून येतं, ते तिथे तपासत होते. माणसं मिळवायची, गोळ्या द्यायच्या, दर महिन्याला रक्त घेऊन ठरलेले प्रश्न विचारायचे, हे मुलीचं काम. काकूंना तेव्हा जिना चढताना धाप लागायची. मुलगी म्हणाली, चल, घरचंच काम आहे. काकू हसल्या. परीक्षा तुझी आणि पेपर मी द्यायचा होय, म्हणाल्या आणि गेल्या.

गोळीने गुण आला. धाप थांबली, चेहऱ्यावर तजेला आला. हे काम चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मुलीच्या सरांनी, तिची पाठ थोपटली.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. काकूंनी मुलीला सांगितलं. सरांच्या कानावर घालते, म्हणाली ती. पुढे मुंग्या घोट्याच्या वर चढल्या. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई, बेसिनचा काठ धरावा लागे. तेही सांगून झालं. मुलगी म्हणाली, अगं, वयाने होतं, रक्त बघ किती छान आलंय. तपासणीच्या दिवशी ती बाकीच्यांना विचारी, हातापायांना मुंग्या येतात का? आईची पाळी आली की म्हणे, तुझं मला माहीत आहे, तू बस निवांत. काकूंना त्याचं कौतुकच वाटे. लेक डॉक्टरांच्या शेजारी बसते म्हटल्यावर आपलं दुखणं पोचल्यातच जमा.

एकदा भर रस्त्यात किराणावाल्याने हाक मारली. काकू, एक चप्पल मागेच राहिली की. खाली पाहतात तर डावा पाय अनवाणी, आणि पायाला त्याचा पत्ताच नाही. घरी मशीनवर बसल्या, तर पाय पायडलवर आहे की फरशीवर, हे वाकून बघावं लागलं. मुलगी फोन उचलेना, म्हणून त्या एकट्याच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी पायांना हात लावला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, सावरून धरलं. कधीपासून, म्हणून विचारलं.

"सहा महिने झाले. मुलीने सांगितलंय ना तुम्हाला?"

"नाही काकू. मला कुणीच सांगितलं नाही."

मग ते हळू आवाजात समजावत राहिले. तुमचं बी-बारा जीवनसत्त्व सुरुवातीलाच काठावर होतं. ते कमी पडलं तरी फॉलिक ॲसिड रक्त सुधारून दाखवतं, आणि आत नसा खराब होत राहतात. म्हणून तर दर महिन्याला तो मुंग्यांचा प्रश्न. वेळीच कळलं असतं तर गोळी थांबवून इंजेक्शनं सुरू केली असती. आता करूच, पण पाय किती परत येतील, सांगता येत नाही.

संध्याकाळी मुलगी आली ती रडवेली होऊनच. तपासणीतून आधीच बरीच माणसं गळली होती, तिने सांगितलं. आईचं रक्त सगळ्यांत चांगलं वाढलं होतं. तीही गळली असती तर दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. वाटलं, वयाचंच असेल.

"मी विचारायचे, सांगितलंस का," काकू म्हणाल्या. "तू हो म्हणायचीस. माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणायचीस."



दुसऱ्या दिवशी काकू इंजेक्शनसाठी निघताना मुलगी गाडी घेऊन दारात हजर. मी येते, सरांशी मी बोलते, म्हणाली.

"नको. माझ्या पायांचं मी सांगेन."

काकू कठडा धरून, प्रत्येक पायरीवर पाय टेकला की नाही ते डोळ्यांनी बघत उतरू लागल्या. मुलीने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.