कोळंबीताईंची लस

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कोळंबीताई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले आणि शेवटी त्यांनीही ते नाव पत्करलं. कारण साधं होतं. गेली कित्येक वर्षं ताई कोळंबीच्या टरफलांच्या मागे लागल्या होत्या. टरफलांमधून एक चिकट पदार्थ निघतो. त्याचे अतिसूक्ष्म कण करून त्यांत लस गुंडाळायची आणि ती सुईनं न टोचता थेंबासारखी नाकात सोडायची, असा त्यांचा खटाटोप होता. कण नाकाच्या ओलाव्याला चिकटून राहतात, लस लगेच वाहून जात नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू नीट ओळखायला वेळ मिळतो.

ऐकायला सोपं. करायला मात्र नाकात टाकायच्या या लसीनं ताईंच्याच नाकी नऊ आणले होते. कधी कण एकमेकांना चिकटून दह्यासारख्या गुठळ्या व्हायच्या, कधी आतली लसच सुटून जायची. कंपनीकडून येणाऱ्या त्या पदार्थाचं एक पाकीट गुणी निघालं की दुसरं हटकून खोडसाळ.

"अजून तेच का गं?" आई घरी विचारायची.

"तेच."

"माझ्या नाकात टाकून बघ. या वयात माझं काय बिघडणारे?"

"आई, तू उंदीर नाहीस."

"ते तुझ्या बाबांना विचारून बघ," आई म्हणायची आणि बाबा वर्तमानपत्रामागून हसायचे.

आणि मग एकदाचं जमलं. उंदरांच्या रक्तात आणि नाकाच्या स्रावात लढणारी प्रथिनं इतकी सापडली, की ताईंनी यंत्र पुन्हा चालवून पाहिलं. आकडा तोच. विभागप्रमुख सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या लोकांना गोळा केलं, ताईंना पुढे उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. निधी देणाऱ्या समितीला कळवूनही टाकलं.

ताईंना मात्र एक गोष्ट खुपत होती. तुलनेसाठी काही उंदरांना लस नसलेले, नुसते रिकामे कण दिले होते. तेही मलूल झाले होते. केस पिंजारून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आखडून बसले होते. रिकाम्या कणांनी एवढं का व्हावं?

ताईंनी कुणाला न सांगता टरफलांच्या त्या चिकट पदार्थाची तपासणी केली. नळीतलं द्रावण पाण्यासारखं पातळ राहायला हवं होतं, ते घट्ट झालं. म्हणजे मालात मेलेल्या जंतूंच्या कवचाचे अंश होते. जंतू मेले तरी ते अंश शरीराला चेतवतात. उंदरांच्या अंगात जी धुमश्चक्री उडाली होती, तिच्यात या घाणीचा मोठा हात होता. ताई स्टुलावर मटकन बसल्या. ओरडावंसं वाटत होतं, पण शेजारच्या टेबलावर दोघं काम करत होते.

दुपारी त्या सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, आपला निकाल खरा नाही. म्हणजे, पूर्ण खरा नाही."

सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून डोळे चोळले. "परिणाम तर आला ना?"

"आला. पण कुणामुळे आला? ही घाण माणसाच्या नाकात घालता येणार आहे का?"

"समितीला मी काय तोंड दाखवू? आधी नाही का बघायचं?"

"बघायला हवं होतं, सर. कंपनीनं शुद्ध म्हणून दिलं, मी विश्वास ठेवला."

"तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं," सर चिडून म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळले.  मग फोन उचलला आणि ताईंच्या समोरच समितीला सांगितलं, की निकाल मागे घेतोय.

त्यानंतरचे महिने ताईंनी दात-ओठ खात काढले. पदार्थ धुवायचा, गाळायचा, तपासायचा, पुन्हा धुवायचा. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता जेवणाच्या टेबलावर विषय बदलायचे. "एवढं खरं बोलायची गरज काय होती," असं एक जण ऐकू जाईल इतपत हळू म्हणाला. त्या रागाचा भुर्दंड आईला पडला. "विचारू नकोस मला काही!" ताई भाजी चिरता चिरता खेकसल्या. आईनं त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली. 

स्वच्छ कणांचा निकाल आला तेव्हा तो पहिल्याच्या निम्माही नव्हता. पण नुसत्या लसीपेक्षा तो स्पष्ट जास्त होता आणि रिकामे कण दिलेले उंदीर पिंजऱ्यात खुशाल हुंदडत होते. समितीनं लिहिलं, काम आश्वासक आहे, पुढच्या वर्षी या. सरांनी ताईंचं मोठं टेबल दुसऱ्या प्रकल्पाला दिलं. ताईंना बेसिनजवळचं छोटं मिळालं आणि उंदरांच्या आणखी एका तुकडीची परवानगी.

"निम्मं तर निम्मं," सर म्हणाले, "पण आपलं आहे."

ताईंना ते बोलणं गोड लागलं नाही. निम्म्याचं पूर्ण कसं करायचं ते अजून त्यांना ठाऊक नव्हतं. बेसिनजवळचा नळ गळत होता, त्याची तक्रार करून त्या कामाला लागल्या.