कोळी खाणारा कोळी

श्रीकृष्णकाकांनी झाशीतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, छत्तीस वर्षं बाटल्या पुसल्या. प्राध्यापक आले नि गेले. बाटलीतली झुरळं आणि काका तिथंच राहिले. काकांना वेड एकाच जिवाचं, कोळ्याचं. त्यातही जो माशीकडे ढुंकून बघत नाही, फक्त दुसरे कोळीच खातो, त्याचं. "आपल्या मराठी मंडळात जन्मला असता तर सेक्रेटरी झाला असता," असं ते म्हणायचे, आणि आमचे सेक्रेटरी गोविंदराव ते ऐकायचे.

त्यामुळे गणेशोत्सवात काकांच्या व्याख्यानाला आरतीआधीची दहाच मिनिटं मिळायची. यंदा गोविंदरावांनी बजावलं, "श्रीकृष्णजी, बच्चों को मराठी आती कहाँ है? वीस माणसं जमली नाहीत, तर पुढल्या सालापासून तुमच्या जागी हिंदी अंताक्षरी."

काका हबकले. उत्सवात मराठी भाषण म्हणून तेवढंच उरलं होतं. त्यांनी मंडळाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'कोळ्यांचा खरा स्वभाव! आपल्याच जातभाईंना खाणारे कोळी. संध्याकाळी सहा.' काकांच्या सात पिढ्या बुंदेलखंडात गेल्या, समुद्र कुणी पाहिलेला नाही. आठ पायांचा सोडून दुसरा कोळी असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी झाशीजवळच्या बबीना लष्करी छावणीतले सुभेदार दर्शनाला आले. नाव भूषण कोळी, गाव उरण. त्यांनी फळा दोनदा वाचला आणि फोन काढला.

सहा वाजता छावणीतली चाळीस मराठी माणसं हाताची घडी घालून पुढच्या रांगांत बसली होती. एवढी गर्दी आमच्याकडे महाप्रसादालाही होत नाही. गोविंदराव मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काकांना वाटलं, आपली कीर्ती पसरली.

"याची मान बगळ्यासारखी," काका सांगू लागले, "आणि जबडे मानेएवढे लांब. भक्ष्य जबड्याच्या टोकावर धरायचं, अंगापासून दूर. म्हणजे ते उलटून चावत नाही. विष भिनेपर्यंत तसंच लोंबकळत ठेवायचं." त्यांनी दोन्ही हात लांब करून दाखवलं. एक मुलगी खुदकन हसली.

"अरे, हा तर आठ पायांचा कोळी!" सुभेदार शेजाऱ्याला म्हणाले. त्यांच्या हाताची घडी सुटली, पण उठलं कुणीच नाही.

"गंमत पुढंच आहे. हा आधी सापडला तो मेलेला. झाडाच्या राळेत कोट्यवधी वर्षं अडकलेला. शास्त्रज्ञांनी बारसं केलं, संपलेल्यांत जमा केला. आणि सत्तावीस वर्षांनी मादागास्करात तसाच एक सापडला, चालताफिरता!"

सुभेदार उठले. गोविंदरावांनी दाराची कडी काढली.

"काका, खरं तर भांडायला आलो होतो. आमचं आडनाव कोळी. ते राहू द्या. इथं बदली झाली तेव्हा गावात म्हणाले, झाशीतले मराठी लोक आता इतिहासाच्या पुस्तकात." त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. "तुम्ही तर या कोळ्यासारखेच निघालात की, चालतेफिरते!"

सगळे हसले. काका हसता हसता डोळे पुसू लागले. जी गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली होती, ती आपलीच आहे हे त्यांना आज कळलं. मलाही फार भिडलं ते.

व्याख्यान अंताक्षरीच्या तावडीतून वाचलं. आरती झाल्यावर काकांनी सुभेदारांचा हात धरला. "भैया, पुढल्या गणपतीला याल ना?"

सुभेदारांची बदली मार्चमध्ये ठरलेली होती. तरी ते "येतो" म्हणाले, आणि काकांनी ते खरं मानलं.